टाळूतला स्क्रू, नाकातली कळ: एक्सपांडरचे आठ महिने

लेकीच्या तोंडातला एक्सपांडर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारं उपकरण, गेल्या आठवड्यात निघाला. वरचा जबडा अरुंद, एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या, म्हणून अकराव्या वर्षी हायरॅक्स प्रकारचा, म्हणजे दाढांना धरून टाळूत मधोमध स्क्रू असलेला, बसवला होता. चावी फिरवायचं काम माझ्याकडे. सकाळी एकदा, रात्री एकदा. दर वेळी पाव मिलिमीटर. 14 दिवसांत 28 वेळा, म्हणजे स्क्रू 7 मिलिमीटर उघडला.

दात दुखतील म्हणून मी तयारीत होतो. दुखलं भलतीकडेच. दुसऱ्या रात्री चावी फिरवली आणि ती म्हणाली, "बाबा, नाकाच्या मुळाशी कुणीतरी दाबतंय." मग डोळ्यांखाली, गालाच्या हाडावर. दहा मिनिटांत ओसरायचं, पण माझा जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कवटीचा नमुनाच पुढ्यात ठेवला. वरच्या जबड्याची दोन हाडं टाळूच्या मधोमध सांधलेली असतात. तीच हाडं वर नाकाच्या आणि कपाळाच्या, बाजूला गालाच्या हाडाला जोडलेली, मागे स्फेनॉइडला, म्हणजे कवटीच्या तळातल्या हाडाला, टेकलेली. मधला सांधा उघडायला लागला की या सगळ्या शेजाऱ्यांवर ताण येतो. मागचा आणि गालाकडचा आधार चिवट, त्यामुळे टाळू पुढे जास्त उघडतो, मागे कमी. वर नाकाकडेही फट निमुळती होत जाते.

सहाव्या दिवशी पुढच्या दोन दातांत चांगली फट पडली. आरशात बघून ती रडली. मला मात्र हायसं वाटलं, कारण नुसते दात न कलता हाड सरकतंय याची ती खूण. पुढे ती फट हिरड्यातल्या तंतूंच्या ओढीने आपोआप मिटत गेली.

आता नाकाचं. तोंडाचं छत म्हणजेच नाकाची जमीन. छत रुंदावलं की वरची जागाही थोडी वाढते. लेक रात्री तोंड उघडं टाकून झोपायची, ते कमी झालंय. पण याच काळात तिची सततची सर्दीही आटोक्यात आली, त्यामुळे सगळं श्रेय स्क्रूला देणार नाही. डॉक्टरही म्हणाले, निव्वळ श्वासासाठी हे कुणाला लावू नका. नाकपुड्यांचा पाया किंचित रुंद झालाय. जुना फोटो शेजारी धरला तरच कळतं. गालाची हाडं उठून दिसतील म्हणून कुणी लावणार असेल, तर आमच्याकडे तसलं काही झालं नाही.

जे आवडलं नाही: दाढा थोड्या बाहेर कलल्या, त्यांची टोकं आधी टेकू लागली आणि काही आठवडे पुढचे दात मिटेनात. चेहरा लांबट वाटायचा. म्हणजे स्क्रूचे 7 मिलिमीटर हे हाडाचे 7 मिलिमीटर नव्हेत. शिवाय स्क्रूत अन्न अडकणं, लाळ, बोबडं बोलणं. एकदा मी चावी अर्धवट फिरवली, पुढचं भोकच दिसेना, क्लिनिक गाठावं लागलं. चावीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा, नाहीतर ती घशात जायची भीती.

फिरवणं संपलं तरी पुढचे महिने तो तसाच ठेवला, सांध्यात नवं हाड भरायला. तो काळ सर्वांत कंटाळवाणा, आणि काढून टाकायची घाई तेव्हाच होते. आता ब्रेसेस लागतील. सध्या ती रिकाम्या टाळूवर जीभ फिरवत बसते आणि दिवसातून दहादा "ळ" म्हणून बघते.