पात्राला हलवतं काय: भावना की विचार?

भावनेच्या भरात वागणारं पात्र वाचकाला चटकन भिडतं, पण त्याची पेरणी आधी करावी लागते. मत्सराने पेटलेला नवरा तिसऱ्या प्रकरणात बायकोवर हात उगारणार असेल, तर तिचा फोन वाजला की त्याचा घास हातातच थांबतो, हे पहिल्याच प्रकरणात दिसायला हवं. नाहीतर तो राग लेखकाच्या सोयीचा वाटतो.

विचाराने चालणाऱ्या पात्राचं दुखणं वेगळं. त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे वाचकाला कळलं नाही तर त्याचा हिशेब पटत नाही. आणि सगळेच डाव बरोबर पडले की उत्सुकता मरते.

मला सर्वांत जिवंत वाटते ती दोहोंची झटापट. रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतला रास्कोल्निकोव्ह एका सिद्धांताच्या आधारे सावकारणीचा खून करतो: असामान्य माणसाला गुन्ह्याचाही अधिकार असतो. तेवढ्यात तिची बहीण घरात येते, आणि दुसरा खून निव्वळ भेदरून होतो. त्याच्या सिद्धांतात या बाईला जागाच नव्हती! लिहिताना हाच क्रम वापरून पाहा: बेत विचारपूर्वक आखू द्या, मग त्यात नसलेलं माणूस ऐन वेळी समोर उभं करा.