मोतीबिंदू आणि पडद्याचं ऑपरेशन एकाच वेळी: धंतोलीतला आमचा अनुभव

पाचपैकी साडेतीन स्टार देतोय, त्यातले तीन एकट्या डॉक्टरांचे. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, नागपूरच्या धंतोलीतलं आहे एवढंच, म्हणजे पार्किंगबद्दल वेगळं लिहायला नको.

बाबा ६६ वर्षांचे, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. फेब्रुवारीत वर्धा रोडनं जाताना म्हणाले, "काहून रे, हा मेट्रोचा खांब मधातच वाकडा केला का यांनी?" आम्ही हसलो. दोन दिवसांनी पेपर वाचताना उजवा डोळा हातानं झाकला तर डाव्यानं शब्दाचं मधलं अक्षरच गायब, तेव्हा मात्र पळालो. ओसीटी केली, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा स्कॅन, तर पडद्याच्या बरोब्बर मधोमध छिद्र निघालं, मॅक्युलर होल म्हणतात त्याला, आणि त्याच डोळ्यात मोतीबिंदूही सुरू झालेला.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं. आतली जेली वयानुसार आकसते, आकसताना पडद्याला मधे ओढते, तिथे भोक पडतं. मग ती जेली काढायची, भोकाभोवतीचा एकदम पातळ पापुद्रा निळा रंग लावून सोलायचा आणि डोळ्यात गॅस भरायचा. मी विचारलं, मोतीबिंदू नंतर केला तर? तर म्हणे साठीच्या पुढच्या माणसात जेली काढली की बहुतेकांचा मोतीबिंदू वर्ष-दोन वर्षांत वाढतोच, मग पुन्हा टेबलवर यायचं, आणि जेली नसलेल्या डोळ्यात ते काम जरा नाजूक होतं. शिवाय आधी धुरकट लेन्स काढली की पडदा त्यांनाही स्वच्छ दिसतो. तोटाही स्वतःहून सांगितला, हे आवडलं: एकत्र केलं की सूज थोडी जास्त येऊ शकते आणि लेन्सचा नंबर कधीकधी मायनसकडे सरकतो, चष्मा लागेल ही तयारी ठेवा.

इथपर्यंत सगळं मस्त. खाली काउन्सिलिंगच्या टेबलवर मॅडम मल्टिफोकल लेन्सच्या (जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारी) मागेच लागल्या, "काका, चष्मा सुटेल." परत वर जाऊन डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले पडदाच खराब आहे, इथे साधी, एकाच अंतराची मोनोफोकलच टाकायची. अर्धा स्टार इथे गेला. बाकीचा बिलात गेला, कारण एस्टिमेटमध्ये गॅस आणि तो निळा रंग धरलेच नव्हते, डिस्चार्जच्या दिवशी अकरा हजार वरून, आणि इन्शुरन्सवाल्यांशी भांडण आमचं आम्हीच केलं.

ऑपरेशन डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन, बाबा जागेच, दीडेक तास. खरं ऑपरेशन घरी आल्यावर सुरू झालं! पाच दिवस तोंड खाली. गॅस वर चढतो ना, म्हणून मान खाली घातली की बुडबुडा मागच्या भोकावर दाबून बसतो. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं पण त्यासाठी घरात काय सोय लागते ते कोणीच नाही सांगितलं. आम्ही दोन गाद्यांमध्ये फट ठेवून तिच्यात तोंड येईल असं केलं, खाली जमिनीवर मोबाईल ठेवून आयपीएल. तर्री पोहे मान खाली घालूनच, तर्रीचा थेंब मोबाईलवर, त्यावरून आईची बोलणी. एप्रिलचं नागपूर, कूलरची हवा डोळ्यावर येऊ द्यायची नाही, डोक्यावरून आंघोळ बंद. चौथ्या दिवशी मानेपेक्षा कंबर जास्त दुखत होती.

आठवड्याभरानं गॅस कमी व्हायला लागला तेव्हा बाबा खूश, म्हणे डोळ्यात पाणसळ बसवली आहे, मान हलवली की रेघ हलते. गंमत म्हणजे बुडबुडा डोळ्यात वर तरंगतो पण माणसाला तो खाली दिसतो. त्यांचा गॅस दोनेक आठवडे टिकणारा होता, दुसरा एक असतो तो दीड-दोन महिने राहतो, तर कोणता भरला ते विचारून घ्या. गॅस आहे तोवर विमान बंद, उंचीवर हवेचा दाब कमी होऊन बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं. आमचे काका तर चिखलदऱ्याला थंड हवेत न्यायला निघाले होते, डॉक्टरांनी घाटसुद्धा नको म्हणून साफ सांगितलं. आणि हातात डोळ्यात गॅस आहे असं लिहिलेला पट्टा बांधतात, दुसऱ्या कशासाठी भूल द्यावी लागली तर समोरच्या डॉक्टरला कळावं म्हणून, भुलेच्या नायट्रस ऑक्साइडनं हाच गॅस फुगतो. आम्हाला तो पट्टा मागून घ्यावा लागला.

सहा आठवड्यांनी ओसीटीत छिद्र बंद. नंबर मायनस सव्वा आला, म्हणजे सरकलाच, चष्मा लागला. चार्टवर आधी फक्त सगळ्यात वरचं अक्षर दिसायचं, आता चौथी ओळ वाचतात, मधलं अक्षर अजून किंचित आखडल्यासारखं दिसते म्हणतात पण गायब नाही. मेट्रोचा खांब सरळ आहे, हे त्यांनी परवा वर्धा रोडवर ऑटो थांबवून एक डोळा झाकून चेक केलं, मागची ट्रॅफिक हॉर्न मारत होती.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर, त्याच डॉक्टरांकडे. एस्टिमेट यावेळी मी सहीशिक्क्यासकट घेणार आहे.