नागपूरच्या बर्डीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: मॉनिटर लागला, मदरबोर्ड बदलायचा वाचला

चार स्टार देऊन राहिलो, एक कशाचा कापला ते पुढे येईलच. मोदी नंबर तीन या गल्लीच्या बाजूला जिना चढून वर हे छोटंसं दुकान आहे, खालून पाटी धड दिसत नाही. पण ज्याच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या चिप) आहेत, म्हणजे प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडीचं आणि वरून एनव्हिडियाचं वेगळं, आणि बाहेरचा मॉनिटर काही केल्या लागत नाही, त्यानं आधी इथं जावं.

माझं असं झालं की एचडीएमआय (मॉनिटरची नेहमीची केबल) लावलं की मॉनिटरवर 'नो सिग्नल', आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन एकदम ओके. केबल बदलून पाहिली, तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावला तर मस्त चालते. एका सर्व्हिस सेंटरवाल्यानं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या पार्टची यादी, उघडलं, त्यात एनव्हिडियाचं नावच नाही, झालं, म्हणे चिप उडाली, मदरबोर्ड बदला. आकडा ऐकला आन लॅपटॉप उचलून सरळ बाहेर पडलो.

इथल्या दादांनी पेचकस हातातच घेतला नाही. पहिला प्रश्न, "भाऊ, कंपनीच्या ॲपमध्ये मोड कोणता लावून ठेवला?" पाहिलं तर इको, भाच्यानं बॅटरी टिकावी म्हणून कधीतरी लावलेला. आता हा इको मोड एनव्हिडियाची चिप पूर्णच बंद करते, इतकी की विंडोजलाही ती दिसत नाही, आणि माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट नेमका त्याच चिपला जोडलेला. मग सिग्नल येणार कुठून? स्टँडर्ड मोड केला, रीस्टार्ट मारला, मॉनिटर चालू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'उडालेली' चिपही हजर!

मग त्यांनी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं फिजएक्सचं पान उघडून दाखवलं, तिथं कोणता डिस्प्ले कोणत्या चिपवर आहे याचं चित्रच येते. माझ्यात लॅपटॉपची स्क्रीन इंटेलखाली, एचडीएमआय एनव्हिडियाखाली. प्रत्येक मॉडेलमध्ये असंच असते असं नाही, कंपनी पाहिजे तशी जोडणी करते, म्हणून दुसऱ्याचा उपाय तुमच्या लॅपटॉपवर चालेलच याची गॅरंटी नाही. हे चित्र सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवायला पाहिजे, खरंच.

आता खरी कामाची गोष्ट. एचडीएमआयला मॉनिटर लागला की एनव्हिडियाला जागंच राहावं लागते, नुसती एक्सेल उघडी असली तरी. मे महिन्यात नागपुरात पारा 45 ला टेकून राहिला असताना तो पंखा काय आवाज करते ते ज्याच्या टेबलावर आहे त्यालाच माहीत. दादा म्हणाले की कन्व्हर्टर घेऊन मॉनिटर टाइप-सी पोर्टला लावून पाहू, माझ्या मॉडेलमध्ये तो पोर्ट इंटेलवर निघाला, म्हणजे ऑफिसचं काम टाइप-सीवर, गेम खेळायचा तेव्हा एचडीएमआय. पंख्याचा आवाज बराच खाली आला. पण टाइप-सी दिसला म्हणून खूश होऊ नका, काही पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जातच नाही. त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाइप-सीतून चित्र पाठवायची सोय, लागतो, पोर्टजवळ छोटं डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह असलं तर बरं, नाहीतर मॉडेलची स्पेसिफिकेशन वाचा. दादांनी कन्व्हर्टर आधी माझ्याच लॅपटॉपवर लावून दाखवला, मगच पैसे घेतले. आणि 4के मॉनिटर असेल तर जुना एचडीएमआय 1.4 चा कन्व्हर्टर गळ्यात मारून घेऊ नका, तो 4के ला 30 हर्ट्झच देतो, म्हणजे सेकंदाला 30 वेळाच चित्र बदलते, माउस अडखळत चालते, 60 साठी 2.0 वाला पाहिजे.

आता कापलेला स्टार. लिनक्सचं यांच्याकडे नाव काढू नका. धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर बाहेरचा मॉनिटर काळाच, तर दादा म्हणे, "विंडोज टाकून देतो नं!" अरे, हे काय उत्तर झालं राजेहो? शेवटी कारण निघालं सिक्युअर बूट, म्हणजे मंजुरी नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी लॅपटॉपची सुरक्षा. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागते आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर किल्ली मंजूर कर म्हणते, ते भावानं एंटर मारून सोडून दिलं होतं, म्हणून ड्रायव्हर लोडच होत नव्हता. ते घरीच बसून झालं.

तपासणीचे 300 रुपये घेतले, बिल मागितलं तरच देतात. गाडी घेऊन जाऊ नका, बर्डीत संध्याकाळी पार्किंग शोधण्यातच जीव जाते, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरून पायी जा. आणि चार्जर न्या सोबत, बॅटरीवर काही लॅपटॉप एनव्हिडिया आपोआप बंद करतात, मग दादा तपासणार काय.