उद्यमबागच्या पेटीवाले मामांनी करून दिलेली पेटी, दोन वर्षं वापरल्यावर

मी प्रदर्शनांचं टेक्निशियनचं काम करतो, म्हणजे स्टॉलवरच्या लाइटी, एलईडी वॉल, टीव्ही, मशिनच्या डेमोची वायरिंग असलं सगळं. राहायला बेळगावच्या वडगावात पण वर्षातले सहा-सात महिने बाहेरच असतो, पुण्याजवळ मोशी, मुंबईत गोरेगाव, बेंगळूरचं बीआयईसी असली प्रदर्शनाची केंद्रं, धारवाडचा कृषी मेळा, आणि घरच्या म्हणजे बेळगावातल्याच सीपीएड मैदानावर काही लागलं तर तेवढंच काय ते आईच्या हातचं जेवण. या कामात हत्यारांची पेटी म्हणजे निम्मं घर असतंय, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलाय, ज्याला पेटी घ्यायचीय त्यानं पूर्ण वाचा.

आधी माझ्याकडं ऑनलाइन मागवलेली प्लास्टिकची टूल ट्रॉली होती. वर्षभरात तिचं एक चाक गेलं, मग हँडल, आणि शेवटी कोपराच तडकला, तोही रात्री दोन वाजता, प्रदर्शन संपून सगळे एकदम सामान काढायला धावतात ना त्या गर्दीत. ज्यांनी ती रात्र बघितलीय त्यांना माहीत आहे, संध्याकाळी सहाला हॉल बंद झाला की कार्पेट उचलणारे, सुतार, फोर्कलिफ्ट, टेम्पोवाले सगळे एकाच दारातून आत-बाहेर, तुमची पेटी बाजूला ठेवली की तिच्यावर कुणीतरी प्लायची थप्पी रचणारच. प्लास्टिक तिथं टिकत नाही.

मग एका सुतार मित्रानं बेळगावच्या कारखान्यांच्या भागातलं, उद्यमबागेतलं हे दुकान दाखवलं. बोर्ड नाही काही नाही, फाउंड्री आणि मशीन शॉपच्या मधे एक पत्र्याचं शेड, पेटीवाले मामा म्हणून विचारलं की कुणीही सांगतंय. बँडवाल्यांच्या, साउंडवाल्यांच्या, डोळ्यांच्या तपासणी शिबिरवाल्यांच्या पेट्या ते करतात. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये पोराला ओरडतात आणि परत आपल्याशी मराठीत, आपल्या बेळगावात असंच चालतंय.

मी गेलो तो कागदावर चित्र काढूनच गेलो होतो. चार फूट लांब, १२ मिलिमीटरचा प्लाय, खाली चार चाकं, सगळं एकाच पेटीत बसलं पाहिजे. मामांनी चित्र बघितलं आणि एकच विचारलं, "हे उचलणार कोण गा?" मी म्हटलं मीच की. तर म्हणाले, "मग उद्या सगळी हत्यारं घेऊन ये, वजन करू." आणि खरंच दुसऱ्या दिवशी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर माझं सगळं सामान चढवलं. ड्रिल, क्लॅम्प मीटर, क्रिम्पिंगचा पक्कड, एलन की चे दोन सेट (ऑक्टानॉर्म म्हणजे अॅल्युमिनियमच्या खांबांचा जोडून उभा करायचा स्टॉल, त्याला एलन की शिवाय हात लावता येत नाही), एचडीएमआय केबल, एलईडी वॉलचे स्पेअर मॉड्यूल, गॅफर टेप, एक्स्टेंशन. जे वर्षभरात एकदाही वापरलं नाही ते मला बाजूला काढायला लावलं. त्या ढिगात तीन हातोडे निघाले.

पुढचा प्रश्न जातोस कशानं. टेम्पो मिळाला तर टेम्पो, नाहीतर रेल्वे. बेंगळूरला मी राणी चन्नम्मानं स्लीपरनं जातो, रात्री बेळगावात बसलं की सकाळी यशवंतपूर. रेल्वेचा नियम मला माहीत होता पण पेटी करताना त्याचा विचारच केला नव्हता. डब्यात नेता येणारी ट्रंक १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान फुकट, थ्री एसीलाही ४० च, पण तिथं ट्रंकचं माप अजून लहान, ५५ बाय ४५ बाय २२.५. माझ्या चित्रातली चार फुटी पेटी म्हणजे जवळपास १२२ सेंटिमीटर, नियमात बसलीच नसती, लगेज बुक करत बसावं लागलं असतं.

शेवटी दोन पेट्या ठरल्या. मोठी ९० बाय ५० बाय २४, हत्यारांची, आणि छोटी ५५ बाय ४५ बाय २२, पॉवर बॉक्सची, म्हणजे स्टॉलला वीज वाटून देणारा डबा. प्लाय १२ ऐवजी ६ मिलिमीटरचा, वरून लॅमिनेट, कडांना अॅल्युमिनियमचा कोन. मला वाटलं एवढा पातळ प्लाय फुटणार, तर मामा म्हणाले मार प्लायला लागत नाही, कडेला आणि कोपऱ्याला लागतोय, तिथं धातू पाहिजे. हिशोब केला तर १२ मिलिमीटरमध्ये नुसत्या प्लायचंच वजन ११-१२ किलो झालं असतं, आता मोठी पेटी कोन, कुलूप, चाकं धरून रिकामी ११ किलो आहे. दोन्ही पेट्या भरून आणि कपड्यांची सॅक धरून माझ्या सामानाचं एकूण वजन ३९ किलो येतंय.

चाकांवरून मात्र आमचं बरंच वाजलं. मला खाली चार चाकं हवी होती, हॉलमध्ये ढकलायला सोपं. मामांचं म्हणणं, एक तर उंची २५ च्या वर जाणार, आणि दुसरं, टेम्पो घाटात वळला की चार चाकांची पेटी आत फिरत राहते आणि दुसऱ्याचा टीव्ही फोडते. त्यांनी एका बाजूच्या कोपऱ्यात आत बसवलेली दोन चाकं दिली, तिरकं करून ओढायचं. दोन वर्षांनंतर सांगतो, मामांचं बरोबर होतं. फक्त धारवाडच्या कृषी मेळ्यात पाऊस झाला की काळ्या मातीत ती लहान चाकं पार रुततात, तिथं उचलूनच न्यावी लागते, आणि तेव्हा ते "उचलणार कोण" दर पावलाला आठवतंय.

आता पॉवर बॉक्सचं सांगतो, कारण माझ्यासाठी खरी किंमत त्याची आहे. वायरिंग मी केली, डबा मामांचा. बाहेरून ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग, आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठं गळला की सप्लाय तोडणारी), चार एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारे), जास्त व्होल्टेज आलं की तोडणारा रिले, मग १६ अँपिअरचे सॉकेट. एका शहरातल्या हॉलमध्ये पूर्वी माझ्या पार्टीचे दोन टीव्ही जळालेत. थ्री फेजच्या सप्लायमध्ये न्यूट्रल कुठंतरी ढिला झाला की एका फेजवर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज जातं आणि दुसऱ्यावर कमी पडतं, ज्याच्या स्टॉलवर जास्त आलं त्याचा माल गेला. तेव्हापासून मी मीटर लावून बघितल्याशिवाय काही जोडत नाही, पण तीन दिवस मीटर धरून कोण उभं राहणार, म्हणून रिले.

मामांनी यात काय केलं, तर झाकण बंद ठेवूनही केबल बाहेर येतील अशा खाचा कापल्या आणि त्यांना रबर लावलं, आणि गरम हवा जायला बाजूला जाळी दिली. स्टॉलवर लोक काय काय करतात, चहाचा कप ठेवतात, लहान पोरं हात घालतात. मी हे सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारून विचारून काढून घेतलं. कुलूपं आत दबलेली, फुलपाखरी, त्यामुळं दुसऱ्या सामानाला अडकून तुटत नाहीत. सगळीकडं पक्के रिपीट (रिव्हेट), स्क्रू एकही नाही, कारण गाडीच्या हादऱ्यानं स्क्रू सुटतात.

झाकणाच्या आतून एक पारदर्शक खिसा आहे तो तर मी कुठल्याच तयार पेटीत बघितला नाही. आम्ही बेळगाववाले जरा पुण्या-मुंबईकडं निघालो की कोगनोळीच्या सीमेवर राज्य बदलतंय. प्रदर्शनाला माल नेताना विक्री नसते त्यामुळं डिलिव्हरी चलन लागतं, किंमत ५० हजारांच्या वर गेली की ई-वे बिल. चलन, सिरियल नंबरची यादी आणि हॉलचा गेट पास त्या खिशात, झाकण उघडलं की समोर. हॉलमधून बाहेर पडताना सिक्युरिटीवाला एकेक नग मोजतो तेव्हा ही यादी नसेल तर तासभर जातो.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून तीन आठवडे लागले, आणि मी सीझनच्या तोंडावर गेलो होतो त्यामुळं एक प्रदर्शन जुन्याच तुटक्या ट्रॉलीवर काढलं, मला राग आला होता आणि मी तो बोलून पण दाखवला. आत पहिल्यांदा काळा स्पंज घातला होता, सहा महिन्यांत त्याचा भुगा व्हायला लागला आणि तो भुगा ड्रिलच्या चकमध्ये जायला लागला. नेऊन दाखवल्यावर ईव्हीए फोम घालून दिला, पैसे घेतले नाहीत. छोट्या पेटीचं हँडल अजून मला अरुंद वाटतं, हातमोजा घालून धरता येत नाही. आणि फोनवर ऑर्डर घेतच नाहीत, सामान घेऊन समक्ष जावं लागतं.

दोन्ही पेट्यांचे मिळून ९,२०० दिले, पॉवर बॉक्सचं इलेक्ट्रिकलचं सामान वेगळं. ट्रॉली यापेक्षा स्वस्त होती हे खरं, पण वर्षाला एक घ्यावी लागली असती.

बेंगळूरला आता मेट्रो नोव्हेंबर २०२४ पासून मादावरपर्यंत म्हणजे बीआयईसीच्या दारात गेलीय, त्यामुळं पेट्या स्टॉलवर कुलूप लावून ठेवतो आणि रात्री मोकळ्या हातानं रूमवर जातो. पूर्वी हत्यारं चोरीला जातील म्हणून स्टॉलच्या मागं कार्पेटवरच झोपायचो. दोन रात्री नीट झोप मिळाली की तिसऱ्या दिवशी सामान काढताना हात चुकत नाही, हे माझ्या लाइनीतल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

कुणाला जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळी प्रदर्शनं एकावर एक येतात आणि मग मामा नंबर लावतात. रविवारी बंद असतंय. हत्यारं सगळी घेऊन जा, यादी चालत नाही.