५५,६०० रुपयांचा हिरवागार डॅशबोर्ड

वहिनीची पॅथॉलॉजी लॅब आहे दादरच्या हिंदमाताजवळ, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, तेही तळमजल्यावर, त्यामुळे जुलै आला की आम्ही पावसाच्या आधी भरतीची वेळ बघतो. नोकरी सांभाळून लॅबचं कॉम्प्युटरचं मीच बघतो, पण बघतो म्हणजे प्रिंटर अडकला, केबल निघाली एवढंच, डेटाबेस हा काही माझा प्रांत नाही. आणि नेमका तिथेच चुना लागला.

लॅबमध्ये एक उबुंटूचा, म्हणजे लिनक्सचा टॉवर, तोच आमचा सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यात सगळ्या पेशंटचे रिपोर्ट. चेंबूर आणि मुलुंडला कलेक्शन सेंटर सुरू झाली तेव्हा तिथून एन्ट्री करायची होती, वहिनीला रात्री घरून रिपोर्ट तपासायचे होते. ओळखीतून एक जण आला, बोलायला एकदम लाघवी. म्हणाला मॅडम, बँकेत असते तशी सिक्युरिटी करून देतो, व्हीपीएन लावतो, म्हणजे बाहेरून लॅबपर्यंत फक्त आपल्यापुरता बंदिस्त रस्ता, चोवीस तास मॉनिटरिंग, काही झालं तर तुमच्या आधी मला कळेल. सेटअपचे ३२,००० रुपये, वायरगार्ड या व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरच्या लायसनचे वर्षाला ९,६००, मॉनिटरिंगचे महिना १,५००. निम्मे यूपीआयने घेतले, निम्मे रोख, बिल नंतर देतो म्हणाला ते "नंतर" अजून उजाडायचंय. वायरगार्ड ओपन सोर्स आहे, फुकट, त्याला लायसन फी नसतेच, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मजुरी घे ना बाबा, हक्काने घे, पण फुकटच्या वस्तूचं लायसन?

फेब्रुवारीत काम झालं. मोबाईलवर ग्राफानाची, म्हणजे सर्व्हरची तब्येत ग्राफमध्ये दाखवणाऱ्या डॅशबोर्डची लिंक दिली, सीपीयू, मेमरी, कनेक्शन, सगळे ग्राफ हिरवे आणि हलते. खरं सांगतो, रोज लोकलमध्ये उघडून बघायचो, बरं वाटायचं. मे महिन्यात पोरी ओरडायला लागल्या की रिपोर्ट उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, तर हा म्हणाला रॅम कमी पडतेय, ६,५०० घेऊन रॅम टाकून गेला. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

जुलैत एका दुपारी पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. आम्ही मेन स्विच पाडला, टॉवर उचलून टेबलावर ठेवला, वायरी हातात, पाय पाण्यात. सवयीने मोबाईल उघडला तर डॅशबोर्डवर सीपीयू ३४ टक्के, कनेक्शन २७, सगळं हिरवं! सर्व्हर माझ्यासमोर बंद, प्लगसुद्धा काढलेला. आधी वाटलं जुना आकडा अडकला असेल, पण आकडे हलत होते हो, ३४ चे ३६, ३६ चे ३१.

त्याला फोन केला, म्हणाला कॅशे आहे, साठवलेला जुना डेटा दिसतोय, रिफ्रेश होईल. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मित्राला धरून आणला, तो दिवसभर हेच काम करतो. त्याने ग्राफानात लॉगिन केलं, पासवर्ड अजून ॲडमिन-ॲडमिनच होता. डेटा सोर्स, म्हणजे आकडे कुठून येतात ते उघडलं तर तिथे आमचा सर्व्हर नव्हताच, "टेस्टडेटा" होतं. ही ग्राफानाबरोबरच येणारी सोय आहे, शिकणाऱ्यांनी सरावासाठी खोटे आकडे काढून बघावेत म्हणून. त्यातला रँडम वॉक लावला की रेघ आपोआप वरखाली होत राहते. पाच महिने मी लोकलमध्ये तेच बघत होतो, महिना दीड हजार देऊन.

मग मित्राने स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, लॅबच्या वायफायवर नाही, हे महत्त्वाचं, म्हणजे तो पूर्ण बाहेरचा माणूस झाला. आमचा स्टॅटिक आयपी, म्हणजे लॅबचा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, पोर्ट ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसचा नेहमीचा दरवाजा, युजर पोस्टग्रेस, एंटर. पासवर्ड विचारलाच नाही, थेट आत. त्याने पाच ओळी काढून दाखवल्या, त्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचा थायरॉईडचा रिपोर्ट. वहिनी मागे उभी होती, ती खुर्चीवर बसलीच.

व्हीपीएन नव्हतंच. सेंटरच्या मशिनवर "सिक्युअर कनेक्ट" नावाचं कुलपाचं चित्र होतं ना, तो नुसता लॅबच्या सॉफ्टवेअरचा शॉर्टकट. राउटरमध्ये ५४३२ बाहेरच्या जगाला उघडा, आणि पीजी-एचबीए नावाची जी फाईल ठरवते कोण कुठून आत येणार, तिच्यात सगळ्या युजरना, सगळ्या डेटाबेसना, जगातल्या कुठल्याही आयपीवरून "ट्रस्ट". पोस्टग्रेसमध्ये ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता आत घ्या. तिथे स्क्रॅम-शा-२५६, म्हणजे पासवर्ड नीट तपासणारी पद्धत हवी होती, बाहेरून फक्त व्हीपीएनने, आणि तेही एसएसएलवर, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं.

मशीन का रखडत होतं तेही निघालं. चालू प्रोसेस दाखवणारी टॉप कमांड लावली तर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस सगळा सीपीयू खात होती. लिनक्सची स्वतःची केडेव्हटीएमपीएफएस असते, हिच्या शेपटाला एक "आय" जास्त, तेवढ्यावर फसायचं. मित्र म्हणाला हा मायनर आहे, क्रिप्टो काढतो, पोस्टग्रेसचा सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर मिळाला की कॉपी टू प्रोग्राम या पोस्टग्रेसच्याच सोयीने सर्व्हरवर कमांड चालवता येते, तिथूनच आला असणार. म्हणजे आमच्या विजेवर कुणीतरी परस्पर कमवत होतं आणि आम्ही रॅम घालत होतो.

तुमच्याकडे कुणी असं काम केलं असेल तर त्याच्यासमोर दोन मिनिटं डेटाबेस बंद करा आणि बघा अलर्ट येतो का, ग्राफ पडतो का. मोबाईल डेटावरून व्हीपीएनशिवाय कनेक्ट करून बघा, झालं तर काम झालेलं नाही. सुपरयुजर किती आणि कोण ते पडद्यावर दाखवायला लावा. लाजू नका, मी लाजलो, हे सगळं विचारलं तर आपण अडाणी वाटू म्हणून गप्प बसलो.

मशीन पुसून नव्याने बसवलं, मित्राने खरं वायरगार्ड लावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत, नुसती मिसळ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, ऑनलाईन तक्रारही टाकली. त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश मित्रानेच दाखवला, असं काही लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस ठेवायचे. कळवायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि लॉगमध्ये काही नव्हतंच, कारण कोण कनेक्ट झालं याची नोंद पोस्टग्रेस आपणहून ठेवत नाही, लॉग-कनेक्शन्स चालू करावं लागतं आणि ते त्याने केलेलं नव्हतं. वहिनी रोज विचारते कुणाकुणाचे रिपोर्ट बाहेर गेले असतील, त्या काकू तर जिन्यात भेटतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात.