हॉलमधला लिलाव, ईबे की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? नाणी घेताना डमी बोली कुठे ओळखू येते

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्यायचाय, पैसे बाजूला काढलेत, आता मुंबईतल्या हॉलमध्ये पॅडल (बोलीसाठी वर करायची नंबरची पाटी) धरून बसायचं, ईबेवर बोली लावायची की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाट बघायची, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी लिहितोय. नाणं अस्सल की नकली हा वेगळा विषय आहे (या रुपयाच्या नकला भरपूर फिरतात, तो डोक्याला वेगळाच ताप). इथे बोलायचंय ते फक्त डमी बोलीबद्दल, म्हणजे विकणाऱ्याचाच माणूस समोरून भाव चढवत बसतो आणि आपल्याला वाटतं की वा, काय मागणी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, डमी बोली तिन्हीकडे चालते, त्यामुळे निवड करायची ती पैसे भरायच्या आधी ती कुठे कळू शकते यावर.

आधी ईबे. आपल्याकडची ईबे साईट २०१८ ला बंद झाली, त्यामुळे आता परदेशातल्या साईटवर बोली, वर शिपिंग आणि कस्टम्सची कटकट, म्हणून बरेच जण अमेरिकेतल्या भाच्याच्या पत्त्यावर मागवतात. पण इथे एक गोष्ट मिळते जी बाकी कुठे मिळत नाही, ती म्हणजे बोलीचा इतिहास. नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं आणि मधे तारे, पण त्यावर क्लिक केलं की त्या माणसाने गेल्या ३० दिवसांत किती बोल्या लावल्या आणि त्यातल्या किती टक्के याच सेलरच्या मालावर होत्या ते दिसतं. फीडबॅक शून्य, बोल्या भरपूर आणि शंभर टक्के एकाच सेलरकडे असं दिसलं की मी टॅब बंद करतो. अर्थात हा पुरावा नव्हे, ब्रिटिश इंडियाची चांगली नाणी ठेवणारा सेलर एखादाच असेल तर खरा संग्राहकही त्याच्याच मागे लागणार.

ईबेवरचा खरा डाव वेगळा असतो. समजा तुम्ही तीन दिवस आधीच २०० डॉलरची कमाल बोली टाकून ठेवली, आणि भाव सध्या १०० वर आहे. एक अकाउंट येतं, ११०, १३०, १५०, १९० असं ढकलत जातं, प्रत्येक वेळी सिस्टिम तुमच्या वतीने वर जाते. मग तो २०५ टाकतो आणि भाव २०२.५० वर थांबतो. त्या पट्ट्यात एक पायरी अडीच डॉलरची, म्हणजे तुमचा आकडा बरोब्बर २०० हे त्याला कळलं. लगेच तो ‘रक्कम चुकून टाकली’ असं कारण देऊन बोली मागे घेतो, त्याच्या सगळ्याच बोल्या निघून भाव परत १०० वर, तुम्हाला वाटतं सुटलो. दुसऱ्या दिवशी भलतंच अकाउंट १९५ टाकतं आणि नाणं तुमच्या गळ्यात १९७.५० ला पडतं. म्हणून बोली मागे घेतल्याची नोंद दिसली की समजून जा. शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली तासाभरातच मागे घेता येते, त्यामुळे असे प्रकार बहुतेक आधीच उरकलेले असतात. यावर इलाज एकच, शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत बोलीच लावायची नाही. चाचपून बघायला त्याच्याकडे वेळच उरत नाही.

हे काही नवीन नाही. २००० साली ईबेवर २५ सेंटपासून सुरू झालेलं एक चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं होतं, मोठ्या चित्रकाराचं असावं असं वाटायला लावणारं. विकणाऱ्याने स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावली होती हे कळल्यावर ईबेने व्यवहार रद्द केला, पुढे ते प्रकरण एफबीआयकडे गेलं आणि खोट्या बोल्या लावणारी टोळीच निघाली.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘३५०० माझे’, ‘४०००’, ‘४२०० भाऊ’, रात्री साडेनऊला बंद, बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून वर घेतं ते कमिशन) वगैरे काही नाही, स्वस्तात चांगला माल मिळूनही जातो. पण दुसरं सिमकार्ड आणायला कितीसा वेळ लागतो, आणि बऱ्याचदा अ‍ॅडमिनच विकणारा असतो, मग तक्रार करायची कुणाकडे. खूण अशी की लिलाव संपल्यावर दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, ‘दादा, त्या पार्टीने बॅकआऊट केलं, तुमच्या शेवटच्या बोलीला देऊ का?’ अशा वेळी वर स्क्रोल करायचं, त्या पार्टीच्या सगळ्या बोल्या खोडायच्या आणि उरलेल्यांत तुमच्या खालोखाल जो होता त्याच्या एक पायरी वरचा भाव सांगायचा. विकणारा सरळ असेल तर निदान बोलणी तरी करतो, नाहीतर ग्रुपमधून काढून टाकतो, दोन्हीत उत्तर मिळतंच.

आता हॉल. इथे माणसं दिसतात, कोण डीलर, कोण हौशी, कोण कोणाच्या शेजारी बसलाय हे दोन लिलावांत कळायला लागतं. पण भिंतीकडे बघून ‘सहा हजार, साडेसहा, सात माझ्याकडे बुकवर’ असं म्हणणारा लिलावदारही इथेच असतो, आणि बुकवर, म्हणजे आधी लिहून आलेल्या बोल्यांत, खरंच कोणी आहे की नाही ते त्यालाच माहीत. रिझर्व्ह किमतीपर्यंत (ज्याखाली विकायचं नाही असा ठरवलेला भाव) विक्रेत्याच्या वतीने बोली लावू असं सोथबीज, ख्रिस्टीजसारख्या बड्या घरांच्या अटींत सरळ छापलेलं असतं, त्यामुळे ते चोरून नाही, फक्त अटी वाचायचा कंटाळा कोणी करू नये. आपल्याकडे १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम ६४ आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केला नसेल तर त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावणं बेकायदा, तरीही लावली तर खरेदीदार त्या विक्रीला फसवणूक मानू शकतो, आणि खोट्या बोलीने भाव वाढवला असेल तर विक्री रद्द करणं खरेदीदाराच्या हातात असतं. कायदा स्वच्छ आहे, सिद्ध करणं अवघड आहे.

हॉलची सगळ्यात कमजोर जागा म्हणजे आधी लिहून दिलेली बोली. ईबेवर तुमचा आकडा मशीनकडे असतो, इथे तो एका माणसाच्या टेबलावर असतो. नावाजलेलं घर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अमेरिकेत खेळांच्या संग्राह्य वस्तूंचं सर्वात मोठ्यांपैकी एक लिलावघर चालवणाऱ्या बिल मॅस्ट्रोने खोट्या बोल्यांनी भाव चढवल्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला, २०१५ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. त्याच माणसाने होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं ते जगप्रसिद्ध कार्ड कडेने कापल्याचंही कबूल केलं होतं. तर शक्यतो स्वतः जाऊन बसा, नाहीतर ओळखीतल्या कोणालातरी बसवा. आणि जुने कॅटलॉग चाळा, विकलं गेलेलं नाणं वर्षभरात त्याच ओरखड्यासकट परत लिलावात आलं तर आधीचा ‘विजेता’ कोण होता ते विचार करण्यासारखं आहे.

घरबसल्या हॉलच्या लिलावात ऑनलाईन बोली लावणं मात्र मला पटत नाही. समोरचे चेहरेही दिसत नाहीत आणि ईबेसारखा इतिहासही नाही, दोन्हीकडचं नुकसान तेवढं आपल्या पदरात.

तर दुदांडी शिवराईसारखं (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) सहज मिळणारं काही हवं असेल तर लिलावाच्या नादी लागूच नका, प्रदर्शनात टेबलावर चार नाणी हातात घेऊन घासाघीस करून घ्या. ग्रुपवर फक्त प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाकडून. भारतात सहसा न येणारं काही असेल तर ईबे, तेही शेवटच्या सेकंदाला. १९३९ च्या रुपयासारख्या मोठ्या खरेदीला मी हॉलच निवडेन, हातोड्याच्या भावावर बायर्स प्रीमियम आणि कर धरून आकडा घरूनच लिहून नेईन. आणि नाव नोंदवायच्या आधी त्यांना मेल करून दोन गोष्टी विचारेन, लिलावात तुमच्या स्वतःच्या मालकीचे लॉट (विक्रीला ठेवलेल्या वस्तू) आहेत का, आणि रिझर्व्हपर्यंत तुम्ही विक्रेत्यातर्फे बोली लावता का. दोन्हीला ‘हो’ आलं तरी चालेल, पण ‘काळजी करू नका सर, आपलं सगळं ट्रान्सपरंट असतं’ असं आलं तर त्या लिलावाला मी जाणार नाही.