व्हीसेंटर ७ वरून ८: इन्स्टॉलर झकास, दम निघतो तो तयारीत

व्हीसेंटर ८, म्हणजे व्हीएमवेअरचे सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, वापरून आता बरेच महिने झाले, काय चांगलं काय त्रासाचं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. आमचा पसारा मोठा नाही, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना, तीन होस्ट (ज्यांवर व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालतात ते सर्व्हर), एक स्टोरेज आणि त्यावर ईआरपी, टॅली, हजेरीचं सॉफ्टवेअर वगैरे. ७ गुमान चालत होतं त्यामुळे शेठ म्हणाले, चाले छे ने, मग कशाला हात लावतोस. उत्तर एकच, ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता, त्यापुढे सिक्युरिटी पॅचचं नाव नको. ८ ला ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, म्हणजे दोनच वर्षं, आणि हे शेठना आधीच सांगून ठेवलं नाहीतर पुढच्या खर्चाच्या वेळी मीच सापडलो असतो. मग सरळ ९ का नाही? कारण ७ वरून थेट ९ वर जाता येत नाही, मध्ये ८ लागतंच.

सॉफ्टवेअरबद्दल आधी चांगलं बोलतो. आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) विंडोज लॅपटॉपवर माउंट करायचा, व्हीसीएसए-यूआय-इन्स्टॉलर फोल्डरमधून इन्स्टॉलर उघडायचा, पुढे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात नवीन अप्लायन्स (व्हीसेंटरची तयार व्हीएम) टेम्पररी आयपीवर उभं राहतं, दुसऱ्यात जुन्याचा डेटा कॉपी होतो, जुनं शटडाउन होतं आणि नवीन त्याचंच नाव आणि आयपी घेऊन बसतं. मला सगळ्यात आवडलं ते हेच, जुनी व्हीएम जशीच्या तशी पडून असते, फसलं तर नवीन बंद करा, जुनी चालू करा. कॉपी करताना विचारतो किती घेऊ, फक्त कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी, की टास्क-इव्हेंट पण, की परफॉर्मन्सचा इतिहास सुद्धा. शेवटचा पर्याय घेतला तर बसा वाट बघत, मागच्या वर्षीचे सीपीयूचे आलेख कोण बघतंय, मी सोडून दिले. या सगळ्या वेळात व्हीएम चालूच असतात, एचए (होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे चालू करणं) पण काम करतं, फक्त डीआरएस (होस्टवरचा भार वाटणं) आणि व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) बंद, त्यामुळे अकाउंट्सवाल्यांना पत्ताही लागत नाही.

आता त्रासाची बाजू, आणि ती सगळी इन्स्टॉलरच्या बाहेर आहे. प्रीचेक (अपग्रेडआधीची तपासणी) येतो तो दुसऱ्या टप्प्यात, तोवर तुम्ही शटडाउनची वेळ मागून बसलेले असता.

क्रम आधी पक्का करा. बॅकअप सॉफ्टवेअर पहिलं, मग व्हीसेंटर, मग ईएसएक्सआय (होस्टवरचं मूळ सॉफ्टवेअर), मग टूल्स (व्हीएमच्या आतले ड्रायव्हर वगैरे), आणि व्हीएमचं व्हर्च्युअल हार्डवेअर व्हर्जन सगळ्यात शेवटी आणि बिलकुल घाई न करता, कारण ते वाढवलं की खाली आणता येत नाही. बॅकअपवाल्याला ८ कळतच नसेल तर व्हीसेंटर मस्त वर येतं, आणि रात्रीचा जॉब फेल. ८ चं व्हीसेंटर ६.७ आणि ७ चे होस्ट सांभाळून घेतं, उलटं चालत नाही.

दुसरी गोष्ट हार्डवेअर. ईएसएक्सआय ८ ने सँडी ब्रिज पिढीचे इंटेल झिऑन प्रोसेसर काढून टाकलेत, म्हणजे ई५-२६०० ची पहिली पिढी गेली. आमचा एक होस्ट नेमका तोच, आणि इथल्या एका डीलरने मॉडेल न विचारताच तिन्ही होस्ट ८ वर न्यायचं कोटेशन पाठवलं, वर फोनवर म्हणतो सगळं होऊन जाईल भाऊ. तो होस्ट ७ वरच ठेवलाय, त्यावर फक्त टेस्टिंगच्या व्हीएम.

तिसरी तारखेची भानगड, ही फार लोकांना माहीत नसते. तुमचा ७ चा बिल्ड (नेमकं पॅच व्हर्जन) जर ८ च्या त्या बिल्डनंतर रिलीज झालेला असेल तर तो अपग्रेड सपोर्टेड नाही. म्हणजे जो शहाण्यासारखा ७ वर पॅच मारत राहिला तोच अडकतो, कारण डाउनलोड करून ठेवलेला ८ चा आयएसओ जुना असतो. बिल्डच्या तारखा बघूनच आयएसओ निवडा.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: डीएनएस दोन्ही बाजूंनी लागलं पाहिजे, नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव. रूट पासवर्ड डीफॉल्टला ९० दिवसांनी एक्स्पायर होतो, तो आधी बघा. एसटीएस (लॉगिनचं टोकन देणारी सेवा) सर्टिफिकेटची संपायची तारीख बघा. ५४८० पोर्टवरच्या मॅनेजमेंट पानावरून व्हीसेंटरचा फाइल बॅकअप घ्या. सगळं डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (व्हीसेंटर सांभाळतं तो सगळ्या होस्टचा मिळून एक व्हर्च्युअल स्विच) असेल आणि थेट होस्टवर डिप्लॉय करणार असाल तर एक एफेमेरल पोर्टग्रुप (व्हीसेंटर नसतानाही जोडता येतो तो) लागेल. सगळ्यात छोट्या साइझला २ व्हीसीपीयू आणि १४ जीबी रॅम जाते, १० होस्ट आणि १०० व्हीएमपर्यंत पुरतं. डिस्क थिन (वापरेल तेवढीच जागा घेणारी) ठेवा.

लायसन्स हा सगळ्यात कडू भाग. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, डिसेंबरात कायमची लायसन्सं विकणं बंद, आता कोअरमागे सबस्क्रिप्शन आणि एका सीपीयूला कमीत कमी १६ कोअर धरतात. ८ कोअरचा सीपीयू असला तरी पैसे १६ चेच. ७ ची लायसन्स की ८ ला चालत नाही, पण ६० दिवसांचं इव्हॅल्युएशन असतं म्हणून इन्स्टॉल बिनबोभाट होतं आणि लोक खुशीत राहतात. छोट्या कारखान्याला हे परवडतं का, तर मला नाही वाटत. पुढच्या वेळी प्रॉक्समॉक्सचा (व्हीएमवेअरला ओपन सोर्स पर्याय) विचार नक्की होणार.

वेळ निवडताना उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) डोक्यातून काढा, १४-१५ जानेवारीला सुट्टी असते खरी, पण मांजा तारांत अडकून लाइट जाते आणि माणूस गच्चीवरून खाली येत नाही. आम्ही व्हीसेंटर साप्ताहिक सुट्टीला केलं आणि होस्ट दिवाळी ते लाभपाचमच्या बंदमध्ये, एकेक मेंटेनन्स मोडला (व्हीएम हलवून होस्ट रिकामा करून) टाकून.

झाल्यावर जुनी व्हीएम लगेच डिलीट करू नका, एक पूर्ण बॅकअप आणि एक रिस्टोर नीट होऊ द्या, पण तोवर तिचं नाव बदला, ऑटोस्टार्ट काढा आणि नेटवर्क कार्ड डिसकनेक्ट करून ठेवा, म्हणजे कुणी चुकून चालू केली तरी एकाच आयपीवर दोन व्हीसेंटर भांडत बसणार नाहीत.